मास्तर, इंजिन चाललं

मास्तर, परवा रविवारी आम्ही इंजिन चालवलं. कोळशाचं, वाफेचं, खरं इंजिन, आणि तेही रत्नागिरीत. हे ऐकून तुम्ही पहिल्यांदा म्हणाला असतात, "बाय, आपल्याकडं वाफेचं इंजिन कुठलं?" आणि बरोबरच आहे तुमचं. आपल्याकडं रेल्वे आली तीच मुळी डिझेलवर. तुमच्या शेवटच्या वर्षी बोगदे खणायचं काम चाललं होतं. मी लोट्याच्या कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून आले होते आणि तुम्ही हट्टानं मला रिक्षात घालून ते काम दाखवायला नेलंत. कातळ फोडून जांभ्याचे ढीग घातलेले, ट्रकमागून ट्रक चाललेले. तुम्ही काठीवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "गाडी येल हां. पण वाफ नाय येणार. वाफेची गंमत काय ती रत्नागिरीकरांना कळायची नाय." गाडी यायच्या आधीच तुम्ही गेलात. त्यामुळे त्यानंतरचं काहीच तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सगळं नीट सांगते.

मी तुमच्या वर्गात कशी आले ते तुम्हाला आठवत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मी आयटीआयच्या खिडकीशी शिवणकामाचा फॉर्म मागायला उभी होते. बाबा मुंबईला छापखान्यात, घरी आई, शेत आणि दोन म्हशी. आईनं सांगितलं होतं, शिवण शिकून ये, चार पोलकी शिवशील, कुणापुढं हात पसरायला नको. पण शिवणाच्या जागा भरल्या होत्या. कारकून म्हणाला, "फिटरमध्ये आहे एक जागा, पण ते पोरींचं काम नव्हे." मी निघायला वळले तर मागं तुम्ही. खाकी शर्ट, डोक्यावर पांढरी गोल टोपी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. "कुठल्या कागदावर लिवलंय तसं?" तुम्ही कारकुनाला विचारलंत. त्यानं खरोखरच समोरचे कागद चाळले. "नाय ना? मग दे तिला फारम." एवढंच. पुढं दोन वर्षं त्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि तुम्ही ती गोष्ट एकदाही बोलून दाखवली नाहीत. फक्त पहिल्याच आठवड्यात माझ्या पायातल्या स्लिपरांकडे बघितलंत आणि सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे बूट माझ्या बाकावर ठेवलेत. जहाजावरच्या कुणाकडून तरी आणलेले, सगळ्यांत लहान मापाचे, तरी मला दोन बोटं मोठे. पुढच्या बाजूला कापूस आधीच भरून ठेवलेला होता. तो तुमच्या बायकोनं, चाचीनं भरला होता, हे मला नंतर कळलं.

तुम्ही वीसेक वर्षं जहाजांवर आगवाला होतात. भट्टीत कोळसा टाकायचा, पाणी सांभाळायचं, वाफ सांभाळायची. आम्हा मुलांना ते ऐकायला फार आवडायचं. वर समुद्र आहे की नाही तेसुद्धा खाली कळत नसे, तुम्ही सांगायचात, आणि भूक लागली की फावडं धुऊन त्याच्यावर बांगडा ठेवायचा आणि भट्टीच्या तोंडाशी धरायचा. आमच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तुम्ही लगेच फळ्याकडे वळायचात. कार्यशाळेमागच्या शेडमधला तो उभा बॉयलर कितीतरी वर्षं बंद पडून होता, तो तुम्ही स्वतः दुरुस्त करून पेटता ठेवला होतात, कारण पुस्तकातली वाफ भाजत नाही असं तुमचं म्हणणं.

एका ईदेला तुम्ही वर्गातल्या सगळ्यांना जयगडच्या खाडीकाठच्या घरी बोलावलंत. मी आजही त्या स्वयंपाकघरात उभी आहे. चुलीवर मोठं भांडं, आत वाट्यांमध्ये सांदणं वाफवायला ठेवलेली, नारळाच्या दुधाचा वास सगळ्या घरभर. तुम्ही आम्हाला घेऊन आत शिरता आणि वर्गातल्यासारखं बोलायला लागता, हे बघा, वाफेला जागा कमी पडली की ती ढकलायला लागते, आता झाकण कसं नाचतंय बघा. आणि दाखवायला म्हणून तुम्ही झाकण उचलता. चाची माजघरातून धावत येते. "ठेवा ते झाकण! सांदणं बसतील ना! वाफेतलं कळतं काय तुमाला?" आम्ही सगळे भिंतीला टेकून हसतोय, आणि ज्या माणसानं वीस वर्षं जहाजांची वाफ सांभाळली तो गुपचूप झाकण ठेवून बाहेर ओटीवर जाऊन बसलाय. सांदणं बसली नव्हती. मी चार खाल्ली.

पण तुमचं रागावणं मी जास्त जपून ठेवलं आहे. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी असते, ती आधी बघायची आणि मगच आग वाढवायची, हा तुमचा पहिला धडा. एकदा माझी पाळी होती. तुम्ही लांबूनच विचारलंत, "काच बघितलीस?" मी म्हटलं, "बघितली." तुम्ही आलात. काच काजळीनं इतकी माखलेली की तिच्यात काही दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही फडक्यानं ती पुसलीत. पाणी अगदी हवं तिथं होतं, मला हायसं वाटलं. तुम्ही मात्र दाताळ्यानं सगळा विस्तव बाहेर ओढलात आणि त्या दिवसाचं काम बंद केलंत. मुलं निघून गेल्यावर मी म्हटलं, "पण मास्तर, पाणी होतं ना?" तुम्ही म्हणालात, "पाणी जाग्यावर होतं. तूच जाग्यावर नव्हतीस." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी मला काचेसमोर उभं केलंत आणि म्हणालात, नुसती पातळी बघायची नाही, ती हलते का ते बघायचं. बॉयलर पेटलेला असताना काचेतलं पाणी कधी गप्प बसत नाही, सारखं थोडंथोडं थरथरतं. गप्प बसलं तर समजायचं, वाट कुठंतरी बुजली आहे आणि काच खोटं सांगते आहे.

त्या शिकवणीवर मी लोट्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलर चालवायच्या परीक्षेला बसलेली मी एकटीच बाई होते. तोंडी परीक्षेत साहेबांनी काचेबद्दल विचारलं, मी तुमच्याच शब्दांत उत्तर दिलं, त्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. लग्न झालं, मुलगी झाली, शिफ्टची बस पकडत केस पांढरे झाले. निवृत्त होऊन रत्नागिरीत घर केलं आणि कोकमाची सालं वाळवत बसले होते, तेवढ्यात एक दिवस एक सद्गृहस्थ दारात आले. निवृत्त मुख्याध्यापक. इथल्या काही मंडळींनी मिळून रेल्वेचं छोटं संग्रहालय काढलंय, त्याचे ते चिटणीस. आरे-वारेचा समुद्र बघून झाला की पाहुण्यांनी आणखी काय बघायचं, या विचारातून त्यांना ते सुचलेलं. "तुम्ही बॉयलरवर होतात म्हणे," ते म्हणाले. "आमच्याकडे एक इंजिन येतंय. त्याला रंग कुठला द्यावा, जरा सांगाल का?"

इंजिन आंबा घाटातून ट्रेलरवर बसून आलं. घाटावरच्या एका साखर कारखान्यात ते पूर्वी उसाच्या वाघिणी ओढायचं आणि नंतर कितीतरी वर्षं बाभळीखाली पडून होतं. लहानसं, आंब्याच्या टेम्पोहून थोडं मोठं. धुराड्यात साळुंकीचं घरटं, पाण्याच्या टाकीत पालापाचोळा, आणि अंगावर रंगाचे इतके थर की खाली लोखंड आहे की नाही अशी शंका यावी. चिटणीसांना चौथरा बांधून, काळा-लाल रंग मारून, शेजारी पाटी लावायची होती. मी भोवतीनं एक फेरी मारली. मग भट्टीच्या दारातून वाकून आत शिरले. मास्तर, छप्पन्न वर्षांची बाई गुडघे पोटाशी घेऊन त्या पेटीत बसली आणि तिला इतकं बरं वाटलं की बाहेर यावंसंच वाटेना.

भट्टीची भिंत दुहेरी असते आणि मध्ये पाणी, त्या दोन भिंतींना धरून ठेवणारे शेकडो खिळे असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. मी तीन दिवस आत बसून एकेक खिळा हातोडीनं वाजवला. धड खिळा टण्ण बोलतो, तुटलेला ठप्प. तुटलेल्याभोवती खडूनं गोल. बाहेर खुर्ची टाकून मिरजेकडचे एक ड्रायव्हरकाका बसायचे. त्यांनी तरुणपणी वाफेची इंजिनं चालवली होती, आता मुलाकडे रत्नागिरीत राहतात, वय ऐंशीच्या पुढं. त्यांना आता बारीक दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. मी आतून वाजवायची आणि ते बाहेरून ओरडायचे, "हा गेला बघ, पोरी! मार खडू!" मला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काळीठिक्कर होऊन बाहेर आले आणि चिटणीसांना म्हटलं, "रंगाचं नंतर बघू. एकोणीस खिळे मेलेत, बाकी सगळे बोलतात. सर, हे पेटेल." ते घाबरले. ड्रायव्हरकाका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी इंजिनाला हात जोडले.

मग दोन वर्षं गेली. आयटीआयचा एक मुलगा मदतनीस म्हणून आला, त्याला आधी काच बघायला शिकवलं. खिळे नवे घातले, बॉयलरच्या नळ्या काढून बदलल्या, खाऱ्या वाऱ्यानं गंज धरू नये म्हणून रोज संध्याकाळी सगळ्या अंगाला तेलाचं फडकं. चिटणीस पहिल्यांदा लांब उभे राहायचे, नंतर बाह्या सरसावून दांडे घासायला बसू लागले. घरी जाताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे डाग असायचे आणि त्यांच्या बाईसाहेब माझ्या नावानं बोटं मोडायच्या. सरकारी निरीक्षक आले, त्यांनी बॉयलर दाबाखाली तपासला, कागदावर सही केली. एकदा पेटवून पाहिलं, सगळं ठीक होतं. उद्घाटनाची तारीख ठरली, पत्रिका गेल्या, मांडव पडला.

त्या दिवशी मी पहाटेच आग घातली. खाली नारळाची सोडणं, वर आंब्याची वाळकी लाकडं, मग कोळसा. नऊच्या सुमाराला वाफ चढायला लागली, आणि मी काचांकडे बघितलं. इंजिनाला दोन काचा आहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. डावीकडचं पाणी थरथरत होतं. उजवीकडचं दोन बोटं वर होतं आणि स्वच्छ, शांत, गप्प होतं. मी खालची तोटी उघडून पाहिली, पाण्याच्या वाटेनं काहीच आलं नाही. पहिल्या वेळी पेटवल्यावर आतला जुना क्षार सुटून वाटेत अडकला असणार. चिटणीस धावत आले. "पाहुणे पालीपर्यंत पोचलेत. एक काच चालू आहे ना? पाणी आहे ना आत?" मी म्हटलं, "पाणी आहे, सर. पण दोन काचा दोन गोष्टी सांगत असताना मी पुढं आग वाढवणार नाही." "अहो, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!" ते खरंच काकुळतीला आले होते. मला त्यांचं वाईट वाटत होतं, मांडवात बसलेल्या शाळेच्या मुलांचं त्याहून जास्त. ड्रायव्हरकाकांनी भिंतीला लावलेलं दाताळं उचलून माझ्या हातात दिलं. मी विस्तव बाहेर ओढला.

थंड इंजिनासमोर फीत कापली गेली. भाषणं झाली. पाहुणे चहा पिऊन गेले, आणि चिटणीस आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले. मी तोटी सोडवून आतल्या वाटेत अडकलेला क्षाराचा खडा काढला होता, करवंदाएवढा, आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आले होते. ते तो तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. "हा एवढासा?" म्हणाले. मी म्हटलं, "एवढासाच पुरतो." तो खडा खिशात टाकून ते म्हणाले, "मुलांना मात्र परत बोलावू या हां. पाहुणे नकोत, मुलंच."

आणि मग परवाचा रविवार. कोळसा कुठला माहितेय? तुमच्या जयगडचा. खाडीच्या तोंडाशी आता भलं मोठं बंदर झालंय, तिथं उतरणाऱ्या कोळशातली चार पोती आम्ही रीतसर अर्ज करून मागून आणली. दोन्ही काचांत पाणी थरथरत होतं, मी दोनदा नाही, दहादा बघितलं. मुलं कुंपणाला चिकटून बसलेली. ड्रायव्हरकाकांनी शिटीची साखळी ओढली आणि मास्तर, तो आवाज! कातळावरून पार खाली गेला, आंब्याच्या बागेतले कावळे एकदम उडाले, बायका घरातून अंगणात आल्या, आणि कुंपणावरची सगळी मुलं कान धरून किंचाळत, हसत, "पुन्हा, पुन्हा!" म्हणत राहिली. वाफ सगळ्यांच्या अंगावरून गेली. एक छोटी मुलगी हात पसरून तिच्यात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "आई, भाताचा वास नाही येत!"

मी फावडं धुतलं. लिंबू, हळद, मीठ लावलेले सहा बांगडे घरूनच आणले होते. ड्रायव्हरकाका माळकरी, ते दहा पावलं मागं सरकले, आमच्या वेळी आम्ही रताळी भाजायचो म्हणाले, आणि त्यांच्या खिशातून खरंच दोन रताळी निघाली. दोन्ही भाजली, आधी रताळी, मग बांगडे. चिटणीसांनी उभ्याउभ्या दोन बांगडे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, अशी चव कशी काय येते? मी तुमचं सगळं त्यांना सांगितलं. बूट, सांदणं, काच, सगळं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आमच्या इंजिनाचे गुरुजी कोकणातलेच निघाले."

हे पत्र टाकायला पेटी नाही. चाचीही आता राहिली नाही, तुमचं घर बहुतेक वेळा बंद असतं, मुलगा आखातातून वर्षाकाठी येऊन कौलं बघून जातो. म्हणून हे कागद मी इंजिनाच्या नोंदवहीत मागं ठेवून देणार आहे. त्या वहीत रोजचं पाणी, कोळसा आणि वाफ लिहायची असते, त्यात हेही राहू दे.

एकच सांगायचं राहिलं. पहिल्यांदा इंजिन मीच चालवायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. दोनशे पावलांचा रूळ, पुढं जायचं आणि मागं यायचं. मी दांड्यावर हात ठेवला, मग खाली उतरले आणि म्हटलं, "काका, तुम्ही चालवा. आग बघायला मदतनीस आहे, रूळ मी बघते." ड्रायव्हरकाकांचे डोळे भरून आले. चिटणीसांनी परत भाषण केलं. स्थानिक पेपरात छापून आलं की बाईंनी मोठ्या मनानं ज्येष्ठांना मान दिला. फोन येतायत, मुलीनं तो कागद कापून फ्रीजवर लावलाय, आणि मी सगळ्यांना हो हो म्हणते आहे. मास्तर, मोठं मन वगैरे काही नव्हतं. आत बसलं की चाकं फिरताना दिसत नाहीत, आणि मला ती बघायची होती. म्हणून उतरले, आणि दोनशे पावलं चाकांच्या बाजूनं पळत गेले.